राज्य गेलं, शब्द राहिले

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आम्ही चौथी शिकलेले. शेती करतो आणि माउलींच्या कृपेनं कीर्तन करतो. शंभर वर्षांच्या सोहळ्यात चार शब्द बोला, अशी मंडळींची आज्ञा झाली. आम्ही म्हटलं, मग शब्दांवरच बोलावं. आपण रोज जे बोलतो ते आलं कुठनं?

आधी शेतात चला. नांगर, कुळव, तिफण, जू, खळं, मळणी. हे शब्द कुण्या बादशहानं दिलेले नाहीत. आता कचेरीत चला. जमीन, महसूल, वसूल, तहसील, तालुका, जिल्हा, अर्ज, हुकूम, वकील, फिर्याद. हे सगळे अरबी-फारसी. अहो, खरीप आणि रब्बी हीसुद्धा अरबी नावं! असं का झालं? नांगर आपण धरला, सारा राजानं घेतला. ज्याचा हुकूम, त्याचा शब्द.

माउलींनी शके १२१२ला, म्हणजे सन १२९०ला ज्ञानेश्वरी सांगितली. पुढं सहाच वर्षांत, १२९६ला अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. यादवांचं राज्य बुडालं आणि दरबारात फारसी बसली. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, अशी तीनशेच्या वर वर्षं गेली. रयतेला कचेरीच्या दारात उभं राहायचं तर तेच शब्द तोंडी घ्यावे लागले.

पण संतांनी काय केलं बघा. नाथमहाराजांनी अर्जदस्त नावाचं भारूड केलं. अर्जदस्त म्हणजे वरच्या साहेबाला लिहायचा अर्ज. ज्या कागदाला लोक भीत होते, तोच कागद महाराजांनी परमार्थाच्या कामाला लावला. शब्द परका, पण धनी बदलला.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. राज्य आपलं, तर कारभाराची भाषाही आपली, हा त्यातला अभिमान. तरी जमीन ही जमीनच राहिली आणि वकील हा वकीलच राहिला. लोकांच्या जिभेवर एकदा रुळलेला शब्द आपल्या राजालाही सहज काढता येत नाही.

आता परक्याचा हुकूम ऐका. पोर्तुगीजांनी १५१०ला गोवा घेतलं. १६८४ला त्यांच्या व्हाइसरॉयनं फर्मान काढलं, की तीन वर्षांत इथली भाषा सोडा आणि पोर्तुगीज बोला. पुढं १९६१ला गोवा मुक्त झालं. मधे पावणेतीनशे वर्षं गेली. कोकणी मेली का? नाही! चुलीपाशी, पाळण्यापाशी आयाबायांनी ती जतन केली. १९८७ला तीच गोव्याची राजभाषा झाली. पोर्तुगीजांचं काय राहिलं? बटाटा, पाव, काजू, चावी, पगार आणि आपल्या हातातलं घमेलं. राज्य गेलं, घमेलं राहिलं!

मग १८१८ला पेशवाई बुडाली आणि इंग्रज आला. त्याच्या राज्यातली झळ आपल्या बापजाद्यांनी सोसली, आणि राज्य गेल्यावर त्याच्या भाषेची झळ आम्ही सोसली. आमच्या बांधाचा दावा चालू होता. एक इंग्रजी कागद आला. घरात कुणाला वाचता येईना. वाचून घ्यायला माणूस गाठेपर्यंत तारीख निघून गेली. दोन गुंठे गेले. जमीन आमची, घाम आमचा, पण कागद बोलत होता दुसऱ्याच भाषेत. जिंकणाऱ्याची भाषा अशी गरिबाच्या दारात उभी राहते, माउली. तिला तलवार लागत नाही.

म्हणून इंग्रजीचा राग धरा, असं आम्ही म्हणत नाही. आमचा नातू इंग्रजी शाळेत जातो. जाऊ द्या. उद्या घरी कागद आला तर तो वाचील. परका शब्द विटाळ करत नाही. आपल्या दिंडीतच बघा की. चोपदार फारसी, मुक्काम अरबी, नगारा अरबी, कपाळाचा अबीर अरबी. पांडुरंगानं कुणाला वाळवंटातून माघारी पाठवलं का?

पण एक गोष्ट मनाला लागली. परवा नातवानं विचारलं, "आबा, तिफण म्हंजे काय?" आम्ही गप्प झालो. सुलतान आले, फिरंगी आले, इंग्रज आले, तिफणीला कुणी हात लावू शकलं नाही. आणि आता कुणाचा हुकूम नसताना ती आमच्याच घरातून निघाली! ट्रॅक्टर आला, ठीक आहे. पण आम्ही पोराला सांगितलंच नाही, हा दोष आमचा.

तवा शतकपूर्तीला आमचं एवढंच मागणं. सांजच्या हरिपाठाला नातवंडांना मांडीशी घ्या. ओवीतला अडलेला शब्द त्यांना उलगडून सांगा, शेतातल्या जुन्या अवजाराचं नाव सांगा. आणि ज्याला कागद वाचता येतो, त्यानं न येणाऱ्याला वाचून दाखवा. हीसुद्धा वारीच आहे. गोव्यात फर्मानानं जे झालं नाही, ते आपण आपल्या हातानं करू नये.

बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. रामकृष्णहरी!