सही कोणाची?

मी इंदूरला राहते आणि वकिली करते. ग्राहक आयोगात मी रुग्णांच्या बाजूने उभी राहिले आहे, तशी डॉक्टरांच्या बाजूनेही. आज मात्र सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईच्या पित्ताशयात खडे झाले. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. ऑपरेशनच्या सकाळी एक मुलगा फाइल घेऊन आला आणि मला म्हणाला, "मॅडम, यहाँ साइन कर दीजिए." फॉर्म इंग्रजीत होता, बारीक अक्षरांत. त्याने पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या, त्या प्रत्येक फुलीपाशी मी सही केली. आई तिथेच पलंगावर चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत बसली होती. आई मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका होती. तिला फॉर्म दाखवावा, असं त्या मुलाला वाटलं नाही, आणि वकील असून मलाही वाटलं नाही.

ऑपरेशन सुरू झाल्यावर डॉक्टरांना आत फार चिकटलेलं दिसलं. दुर्बिणीने पुढे जाणं धोक्याचं होतं, म्हणून त्यांनी पोट उघडलं. वैद्यकीयदृष्ट्या निर्णय योग्यच होता. आई बरी झाली. पण शुद्धीवर आल्यावर तिचा हात पोटावरच्या भल्यामोठ्या पट्टीवर गेला आणि तिने विचारलं, "असं होऊ शकतं, हे माहीत होतं?"

मी म्हटलं, "फॉर्ममध्ये लिहिलं होतं."

"तू वाचलास?"

"नाही."

"मला दाखवलास?"

मी गप्प. मग ती म्हणाली, "सहलीला नेताना आम्ही पालकांची सही मागायचो, कारण मुलं लहान असायची. मी काय पाचवीतली मुलगी होते?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कधीच देऊन ठेवलं आहे. मी ते वाचलेलं होतं, दुसऱ्यांना समजावूनही सांगितलं होतं. फक्त घरात वापरलं नव्हतं.

तो खटला समीरा कोहली खटला म्हणून ओळखला जातो. घटना दिल्लीची, मे १९९५ची. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री, मासिक पाळीचा रक्तस्राव थांबत नाही म्हणून एका डॉक्टरांकडे गेली. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून तपासणी करायचं ठरलं. तिने सही केली ती दुर्बिणीच्या तपासणीसाठी आणि त्या अनुषंगाने लागणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी. पोट उघडावं लागू शकतं, एवढं त्यात लिहिलं होतं. तिला भूल दिली. आत रोग बराच पसरलेला दिसला. तेव्हा साहाय्यक डॉक्टर बाहेर आल्या आणि बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली. मग गर्भाशय, बीजकोश आणि बीजवाहिन्या काढून टाकल्या गेल्या. रुग्ण बेशुद्ध होती. जागी झाल्यावर तिला कळलं.

तिने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे २५ लाखांची भरपाई मागितली. आयोगाने २००३मध्ये तक्रार फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १६ जानेवारी २००८ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं, आणि ऐकायला पटणारं होतं. रोग होता, आज ना उद्या हे करावंच लागलं असतं, एकाच भुलीत झालं तर दुसरं ऑपरेशन, खर्च आणि त्रास वाचला. शिवाय आईची संमती घेतली होती.

न्यायालयाने डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं म्हटलं नाही. पण म्हटलं की रुग्ण सज्ञान होती, तिचं मन ठिकाणावर होतं. ती बेशुद्ध होती ती तात्पुरती, भुलीमुळे. तिच्या जिवाला त्या क्षणी धोका नव्हता. मग ती जागी होईपर्यंत थांबायला हवं होतं. अशा रुग्णाच्या वतीने आईला संमती देता येत नाही. त्रास आणि पैसे वाचतात, हे संमतीवाचून शस्त्रक्रिया करण्याचं कारण होऊ शकत नाही. तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी वापरता येत नाही.

भरपाई किती मिळाली? पंचवीस हजार रुपये, आणि डॉक्टरांना फीवर हक्क नाही. २५ लाख मागितले होते. रक्कम ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं. पण या निकालाची किंमत त्या रकमेवरून करू नका. संमती घेताना रुग्णाला काय सांगितलं पाहिजे, याची यादीच या निकालाने घालून दिली. उपचार काय आणि कसा, कशासाठी, त्याने काय फायदा. दुसरे पर्याय आहेत का. मोठे धोके कोणते. आणि उपचार नाकारला तर काय होईल. हजारात एखाद्याला होणारा दूरचा धोका सांगितलाच पाहिजे, असं न्यायालय म्हणत नाही. रुग्णाला विचार करून ठरवता यावं, एवढं तरी सांगा, असं म्हणतं.

डॉक्टरांची अडचणही न्यायालयाने ओळखली. आत गेल्यावर काही वेगळं सापडेल असं आधीच वाटत असेल, तर त्या पुढच्या शस्त्रक्रियेची संमती आधीच, एकत्र घेता येते. आणि जीव धोक्यात असेल, थांबणं शक्यच नसेल, तर संमतीसाठी अडून राहायचं नाही. जिवाचा प्रश्न असेल तेव्हा काय करायचं, हे तर १९८९च्या परमानंद कटारा निकालाने सांगितलेलंच आहे: जखमी माणूस दारात आला की आधी उपचार, पोलिसांची कागदपत्रं नंतर. सरकारी दवाखाना असो की खासगी.

आता माझ्या आईच्या फॉर्मकडे परत येते. 'गरज पडल्यास पोट उघडावे लागेल' हे वाक्य त्यात होतं. म्हणजे मजकूर ठीक होता. सही चुकीच्या माणसाची होती.

आपल्याकडे हे रोज होतं, आणि ते दुष्टपणाने होत नाही. प्रेमानेच होतं. "आईला कशाला घाबरवायचं?" "बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका." बाईचं ऑपरेशन असलं की नवऱ्याला शोधत फिरतात. गर्भपाताच्या कायद्यात तर १९७१पासून स्पष्ट आहे की सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तरी ती मागितली जाते, आणि सही नाही म्हणून बायकांना परत पाठवल्याचं मी अशिलांकडून ऐकलं आहे.

तुम्ही म्हणाल, एखाद्याला खरंच ऐकायचं नसतं. मान्य. "माझ्या मुलीशी बोला, ती ठरवेल," असं आई म्हणू शकते. पण ते आईने म्हणायला हवं. मी परस्पर ठरवायचं नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूने बोलते, कारण असे निकाल ऐकले की लोक लगेच म्हणतात, चला, केस करू. माझ्याकडे येणारे बरेच लोक एकच वाक्य घेऊन येतात: "आमचा माणूस गेला, म्हणजे डॉक्टर चुकला." तसं नसतं. २००५च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपचाराला यश न येणं किंवा निर्णयात चूक होणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. फौजदारी गुन्ह्यासाठी तर फार मोठा निष्काळजीपणा लागतो. दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत हाती असल्याशिवाय खासगी फौजदारी तक्रार पुढे नेऊ नये आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये, असंही त्यात आहे. हे मला योग्य वाटतं. घाबरलेला डॉक्टर अवघड रुग्णाला हात लावत नाही, आणि त्यात नुकसान रुग्णाचंच होतं.

पैशाच्या भरपाईसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग १९९५च्या शांता निकालाने पक्का केला. फी घेऊन दिलेला उपचार ही 'सेवा' आहे. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, तो दवाखाना यात येत नाही. पण काहींकडून पैसे घेणाऱ्या दवाखान्यातला फुकट उपचाराचा रुग्णही ग्राहकच. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, ती लक्षात ठेवा. आणि रुग्णाची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत, असा २००२पासून नियम आहे. मागणी लेखी करा, पोच घ्या. भांडणाच्या आधी कागद.

पण खरं सांगू? भांडणापर्यंत पोचूच नये, यासाठी मी आज बोलते आहे. तुम्ही बंगळुरूत असाल, बडोद्यात, हैदराबादेत किंवा आमच्या इंदुरात. फॉर्म तिथल्या भाषेत नाहीतर इंग्रजीत येणार. पुढच्या वेळी पेन उचलण्याआधी इतकंच म्हणा: "हे आईला तिला समजेल अशा भाषेत सांगा, मग तीच सही करेल." ज्याला भाषा येते त्याने मधे बसून सांगावं. पाच मिनिटं लागतात. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही, उलट पुढची कटकट वाचते. तुमची सही लागलीच, तर साक्षीदार म्हणून करा.

मागच्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फॉर्म आला, मी तो तिच्या हातात दिला. एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं, म्हणून वाचायला तिला वीस मिनिटं लागली. तो मुलगा दोनदा येऊन डोकावून गेला. तिने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले, त्यांनी खुर्ची ओढून उत्तरं दिली. मग तिने शाळेच्या हजेरीपटावर करायची तशी, पूर्ण नावाची सही केली.

आणि पेन माझ्याकडे देत म्हणाली, "घे, साक्षीदार."