टाकीतून निघालेलं पाणी



शेतात घर बांधताय?
मग सेप्टिक टँकची जागा आधी ठरवा.

टाकीत मैला तळाशी बसतो.
वरचं पाणी बाहेर पडतं.
ते स्वच्छ नसतं.
त्याला शोषखड्डा हवाच.

आपल्या धाराशिवच्या काळ्या मातीत पाणी हळू मुरतं.
म्हणून खड्डा मोठा घ्या.
खाली भेगाळलेला खडक लागला, तर फार जपा.
भेगांतून घाण थेट विहिरीत उतरते.
उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावानं
आहे ती विहीर नासवू नये.

म्हणून सांगते:
शोषखड्डा विहिरीपासून, बोअरपासून लांब,
आणि उताराच्या खालच्या अंगाला.

टाकी भरली, तरी माणूस आत उतरवू नका.
आतला वायू जीव घेतो.
सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं
२०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे.
उपसा करणारी गाडी येईल,
एवढी वाट टाकीपर्यंत ठेवा.