उन्हाळ्यातील सायकलप्रवास : गती सर्वात मागच्याची

(उन्हाळी सुट्टीत लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासास निघणाऱ्या युवकांसमोर व त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांच्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते, रस्ते नीट नव्हते, आणि इराण-इराकची वाळवंटे वाटेत होती. सहापैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरांचा प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. त्या पराक्रमाची आठवण महाराष्ट्राने फारशी जपली नाही. परंतु सायकल पुन्हा प्रतिष्ठा पावत असल्याचे समाधानकारक चित्र अलीकडच्या काळात दिसते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरांची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पार केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. गावोगावी पहाटे सायकलस्वारांचे गट रस्त्यावर दिसू लागले आहेत.

हा उत्साह स्वागतार्ह आहे. तथापि आपल्याकडे सुट्ट्या येतात त्या एप्रिल-मे महिन्यांत, आणि लांबच्या मोहिमा आखल्या जातात त्याही तेव्हाच. विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कोकणात दमटपणा जीव नकोसा करतो. अशा वेळी केवळ उत्साहाच्या बळावर निघणे हे साहस नसून अविचार आहे. म्हणून ऊन शरीराशी काय करते आणि गट त्यात काय करू शकतो, या दोन प्रश्नांचा शांतपणे विचार करणे अगत्याचे ठरते.

रोमचा धडा

२६ ऑगस्ट १९६०. रोम ऑलिंपिकमध्ये १०० किलोमीटरांची सांघिक सायकल शर्यत सुरू होती. तापमान ४० अंशांच्या आसपास होते. चार जणांच्या संघातील किमान तिघांनी अंतिम रेषा गाठणे आवश्यक, असा नियम होता. डेन्मार्कच्या संघातील एक सायकलपटू उन्हाने हैराण होऊन लवकरच बाहेर पडला. उरलेल्या तिघांपैकी आणखी एकाने थांबायचे म्हणजे संपूर्ण संघ बाद! त्या तिघांत २३ वर्षांचा क्नूड एनेमार्क येन्सेन होता. त्याला भोवळ येऊ लागली तेव्हा सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी त्याला सावरले, अंगावर पाणी मारले. परंतु आधार सुटताच तो रस्त्यावर कोसळला, त्याच्या डोक्याला मार लागला आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. उत्तेजक द्रव्याची चर्चा पुढे अनेक वर्षे चालली, पण अधिकृत शवविच्छेदनाने मृत्यूचे कारण उष्माघात असेच दिले.

सात वर्षांनंतर, १३ जुलै १९६७ रोजी फ्रान्समधील मॉन्ट व्हाँटूच्या चढावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्प्सन मृत्युमुखी पडला. त्याच्या शरीरात उत्तेजक द्रव्य आणि मद्य आढळले, परंतु भाजून काढणारे ऊन आणि शरीरातील पाण्याची तूट हीदेखील कारणे होतीच. पहिल्यांदा पडल्यावर त्याला पुन्हा सायकलवर बसवण्यात आले, कारण त्याचाच तसा आग्रह होता. थोड्याच अंतरावर तो पुन्हा कोसळला, तो कायमचाच.

या दोन घटनांमधून एक कठोर सत्य समोर येते. उष्म्याने ग्रासलेला मनुष्य स्वतःच्या स्थितीचा विश्वासार्ह साक्षीदार राहत नाही. मेंदू तापला की प्रथम निर्णयशक्ती जाते. 'मला काही झालेले नाही, चला पुढे' हे त्याचे उद्गार जिद्दीचे द्योतक नसून आजाराचे लक्षण असू शकतात. एकटा असेल तर त्याला थांबवणारे कोणी नसते. गटात असेल तर थांबवता येते; मात्र गटाचे ध्येयच त्याला पुढे ढकलणारे असेल, तर गट रक्षक न राहता घातक ठरतो.

शरीर नावाची भट्टी

सायकल चालवताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच पायडलपर्यंत पोहोचतो. उरलेली बहुतेक उष्णता होते. मध्यम वेगाने पायडलवर १०० वॅट शक्ती लावणारा सायकलस्वार अंगात ३०० ते ४०० वॅट उष्णता निर्माण करीत असतो. थंड हवेत ही उष्णता त्वचेवरून सहज निघून जाते. परंतु हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ३५ अंशांहून वर गेले की ती वाट बंद होते. उलट हवाच शरीराला तापवू लागते. मग घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानी घेतला पाहिजे. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. कोकणच्या दमट हवेत घाम नुसताच निथळतो. पाणी जाते, पण थंडावा मिळत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत घाम तत्काळ वाळतो. थंडावा मिळतो, पण किती पाणी गेले हे कळत नाही. कोकणात धोका जाणवतो तरी, विदर्भात तो दिसतही नाही. कठीण उन्हात तासाला एक लिटर वा त्याहून अधिक घाम जाऊ शकतो. घाटाच्या चढावर धोका आणखी वाढतो, कारण मेहनत सर्वाधिक आणि वेग मंदावल्याने अंगाला वारा सर्वात कमी. गटात पाठोपाठ चालवणाऱ्यास पुढच्याच्या आडोशामुळे श्रम बरेच कमी पडतात, हा मोठा लाभ; परंतु त्याच आडोशात वाराही कमी लागतो, हे विसरू नये.

दोन आठवड्यांची साधना

सुदैवाने मानवी शरीर उन्हाशी जुळवून घेऊ शकते. रोज तास-दीड तास उष्ण हवेत बेताचा व्यायाम केला, तर सात ते चौदा दिवसांत अंतर्गत बदल घडतात. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर व अधिक येऊ लागतो, घामावाटे जाणारे मीठ कमी होते आणि त्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. मात्र ही कमाई टिकाऊ नाही. सराव सुटला की दोन-तीन आठवड्यांत तिचा मोठा भाग ओसरतो. त्यामुळे वर्षभर वातानुकूलित कार्यालयात बसून मे महिन्यात एकदम शंभर किलोमीटरांस निघणाऱ्यास मागच्या वर्षीचा सराव तारीत नाही.

म्हणून प्रस्थानाच्या सहा ते आठ आठवडे आधी पहाटेच्या गारव्यात अंतर वाढवावे, दर आठवड्यास थोडे थोडेच. अखेरचे दोन आठवडे उन्हाच्या सवयीसाठी राखावेत. सकाळी आठ-साडेआठच्या उन्हात तीस-चाळीस मिनिटांपासून आरंभ करून हळूहळू तासा-दीड तासापर्यंत जावे, तेही नेहमीपेक्षा कमी वेगाने. भर दुपारच्या उन्हात सराव करण्याचे कारण नाही. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकारावर औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी, वैद्यकीय सल्ल्याविना या वाटेस जाऊ नये.

सरावाच्या काळात स्वारीपूर्वी व स्वारीनंतर वजन करण्याची सवय लावावी. एक किलो वजन घटणे म्हणजे जवळपास एक लिटर पाणी जाणे. ६० किलोच्या तरुणाचे वजन सव्वा किलोने घटले, तर तूट दोन टक्क्यांवर गेली आणि पिणे कमी पडले असे समजावे. उलट वजन वाढले असेल, तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले. तासन्‌तास नुसते साधे पाणी ढोसल्याने रक्तातील सोडियम घटते, आणि तेही प्राणावर बेतू शकते.

मीठ, साखर आणि पाणी यांचा मेळ किती जीव वाचवतो, हे एका भारतीय डॉक्टरने जगाला दाखवून दिले. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबिस यांनी क्षारसंजीवनीने असंख्य रुग्ण वाचवले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण पाठ असावे. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, कोकम वा लिंबाचे सरबत ही आपल्या स्वयंपाकघरातील पेये महागड्या पाकिटांपेक्षा कोठेही उणी नाहीत. सोबत केळी, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे असावेत. ओला पंचा मानेभोवती असावा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही ही समजूत मात्र तेवढ्यापुरतीच. कांदा जेवणात उत्तम, रक्षणास निरुपयोगी.

गटाचे अनुशासन

शंभर किलोमीटरांचे अंतर ताशी वीसच्या गतीने आणि तासाभराच्या विश्रांतीसह सहा तास घेते. साडेचारला प्रस्थान ठेवले, तर साडेदहाला मुक्काम गाठता येतो. दिवे, मागचा लाल दिवा व शिरस्त्राण यांविना कोणासही निघू देऊ नये. वाहत्या रस्त्यावर एकेरी रांग, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक बाजूने भिडणार नाही एवढे अंतर, खड्डा वा थांबा दाखवणाऱ्या हाताच्या खुणा, आणि पुढे राहण्याची पाळी दर काही मिनिटांनी बदलणे, एवढे अंगवळणी पडले की गट एका देहासारखा चालतो.

या गटाची गती कोणी ठरवावी? सर्वात बलवानाने ठरवली तर तीस किलोमीटरांत गट विखुरतो. सर्वात मागच्याने ठरवली तर सारे पोहोचतात. म्हणून सर्वात अनुभवी सायकलस्वार पुढे नव्हे, अखेरीस असावा. त्याच्या मागे कोणीही राहणार नाही, हा नियम अभंग असावा. लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' या प्रकारातही शर्यत नसते, क्रमांक नसतात; २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० किलोमीटरांस वीस तास अशी मुदत असते आणि त्या मुदतीत पोहोचलेले सारे समान. स्पर्धेवाचूनही माणसे स्वतःला पारखू शकतात, याचा तो उत्तम नमुना होय.

गटात दोघा-दोघांच्या जोड्या लावाव्यात आणि दर अर्ध्या तासाने एकमेकांची विचारपूस करावी. जोडीदाराने किती पाणी प्यायले? चाक सरळ रेषेत आहे की डगमगते आहे? बोलका मुलगा अचानक गप्प झाला आहे वा विनाकारण चिडतो आहे? साध्या प्रश्नाचे उत्तर अडखळत येते आहे? यांपैकी एकही खूण दिसली की थांबायचे, त्याच्या संमतीची वाट पाहायची नाही. सावलीत आडवे करून, कपडे सैल करून, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा. बर्फ असल्यास मान, काख व जांघेत ठेवावा. १०८ क्रमांकावर तत्काळ कळवावे, परंतु रुग्णवाहिका येईपर्यंत थंडावा देणे थांबवू नये. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये. उष्माघातात पहिला अर्धा तास निर्णायक असतो, आणि तो अर्धा तास डॉक्टरांच्या नव्हे, सोबत्यांच्या हातात असतो.

थांबण्याचे धैर्य

संकल्प घेतला की तो तडीस न्यायचा, हा संस्कार थोर आहे. परंतु संकल्प कोणता होता, हे आधी नेमके ठरलेले असावे. 'अमुक गावी पोहोचू' एवढाच संकल्प असेल, तर रोमच्या रस्त्यावर घडले तसे घडू शकते. तेथे तिघेही शूर होते. नियमाने मात्र त्यांच्या थांबण्यास जागा ठेवली नव्हती. 'जितके निघालो तितके परत येऊ' असा संकल्प असेल, तर वाटेत एसटीच्या टपावर वा टेम्पोत सायकली चढवून घरी परतणे हा पराभव ठरत नाही, संकल्पाची पूर्तता ठरते.

तेव्हा येत्या मोहिमेपूर्वीच्या बैठकीत मार्ग, मुक्काम आणि खर्च यांबरोबर आणखी तीन गोष्टी नोंदवहीत लिहून घ्याव्यात. सर्वात मागे कोण राहणार? किती वाजता, कोठेही असले तरी, सावली गाठायची? आणि मोहीम थांबवण्याचा अधिकार कोणाचा? त्या अधिकाऱ्याने 'थांबा' म्हटल्यावर रस्त्यात वाद घालायचा नाही, हेही तेथेच सर्वांकडून वदवून घ्यावे. ही तीन उत्तरे लेखी तयार असतील, तर पालकांनी मुलांना निःशंक मनाने निरोप द्यावा. नसतील, तर मोहीम पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलावी. रस्ता कोठेही जात नाही.