छोटी लाइन : ग्वाल्हेर ते श्योपूर
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी आपण प्रत्येक पाहुण्याला कौतुकाने दाखवतो. त्याच माधवराव महाराजांनी रयतेसाठी लोखंडाची गाडी बांधली, तिच्याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. आज तिच्याविषयी दोन शब्द सांगतो.

रुळांमधले अंतर अवघे 2 फूट, म्हणजे 610 मिलिमीटर. 1899 पर्यंत भिंड आणि शिवपुरीचे फाटे तयार झाले. तिसरा फाटा 1904 साली सबलगढला, 1908 साली बीरपूरला आणि 1909 साली श्योपूरला पोहोचला. लांबी सुमारे 200 किलोमीटर. अरुंद रूळ टाकण्याचे कारण सरळ होते : खर्च कमी, डबे हलके, वळणे सहज घेता येतात. पुढे संस्थान विलीन झाले आणि लाइन मध्य रेल्वेकडे गेली. भिंडकडची ब्रॉडगेज झाली, शिवपुरीची बंद पडली. उरली श्योपूरची.

माझी काही वर्षे जौऱ्याकडच्या एका बँक शाखेत गेली. सुमावली, जौरा, कैलारस या स्टेशनांवर दुधाच्या कॅन, धान्याची पोती, शाळेची पोरे चढत. डबा भरला की माणसे टपावर बसत. श्योपूर गाठायला दहा-अकरा तास लागत. ज्या जौऱ्यात 1972 साली जयप्रकाशजींसमोर चंबळच्या बागींनी शस्त्रे ठेवली, त्या मुलखाला शहराशी जोडणारी ही स्वस्तातली गाडी होती.

मी कॉमर्सचा माणूस. ताळेबंदात ही लाइन तोट्याचीच दिसणार, हे मला कळते. पण गरिबाचे वाचलेले बसभाडे कोणत्या खात्यात जमा धरायचे, हे ताळेबंद सांगत नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली, ती पुन्हा सुटलीच नाही. रूळ उखडून ब्रॉडगेजचे काम सुरू झाले. जौऱ्यापर्यंत मोठी गाडी गेलीही. त्याला आपला विरोध नाही, नसावा. विकास हवाच. पण श्योपूरच्या माणसाने इतकी वर्षे वाट पाहिली, हे बोलायचे कोणी?

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, श्योपूरपर्यंतचे काम लवकर पुरे व्हावे आणि गावोगावचे थांबे तसेच राहावेत, यासाठी खासदारांना व रेल्वेला निवेदन द्यावे. दुसरी, छोट्या लाइनीचे एखादे स्टेशन, इंजिन व डबे ग्वाल्हेरातच जपावेत, अशी मागणी करावी. लष्करातल्या ज्या घरांतून वाडवडील संस्थानच्या नोकरीत होते, त्यांनी जुने पास, फोटो, कागद रद्दीत न घालता मंडळाकडे आणून द्यावेत.

महाराजांचे नाव आपण जयंतीला घेतो. त्यांनी जोडलेली गावे तुटू न देणे, हेही त्यांचेच स्मरण आहे.