दान आणि दानाची व्यवस्था

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



शाळेसाठी लोकांपुढे हात पसरावा की नाही, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. शाळा गावाची आहे. तिच्यासाठी मागण्यात कमीपणा नाही. मात्र मागण्यापूर्वी, आलेल्या दानाची व्यवस्था काय करणार, हे ठरविले पाहिजे.

आपल्या शहरातील पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगत अठराव्या शतकात ती उभी राहिली. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून, ते उंचावरून सोडून जाते फिरविले जाई आणि फकीर व यात्रेकरू यांच्यासाठी धान्य दळले जाई. एक दिवस अन्नदान केल्याने दुसऱ्या दिवसाची भूक भागत नाही. येथे रोजच्या दळणाची योजना झाली, हे तिचे वैशिष्ट्य होय.

दुसरे उदाहरण श्री गाडगेमहाराजांचे. त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. स्वतःसाठी काही ठेविले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्याच संस्थेने १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. दान कोणत्या हाती सोपवावे, याचा विवेक येथे दिसतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या मुष्टिफंडात घरोघरच्या स्त्रिया मूठमूठ धान्य बाजूला काढीत. त्यामुळे गरिबाचे घरही दात्याचे घर झाले. गावातील कोणीही केवळ घेणारा नसतो, हे आपण विसरू नये.

आता आपल्या शाळांविषयी. दात्याकडून संगणक मिळतो. परंतु वीजबिलाची व दुरुस्तीची तरतूद नसल्यास तो कपाटात धूळ खात पडतो. म्हणून वस्तूबरोबर तिच्या वार्षिक खर्चाचाही विचार आधीच करावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये प्रवेशाच्या वेळी देणगी मागता येत नाही. आणि शाळेस कोठूनही अनुदान मिळाले, तरी त्याच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे. तेव्हा जमाखर्च समितीपुढे वाचावा आणि शाळेच्या फलकावरही लावावा. हिशेब उघडा असला, म्हणजे पुढच्या वर्षी मागावे लागत नाही. लोक आपण होऊन देतात.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. वह्या वा गणवेश वाटताना गरजू मुलांना रांगेत उभे करून छायाचित्रे काढू नयेत. वस्तू मिळाली आणि मान गेला, तर त्या मुलाचा तोटाच झाला. वर्गशिक्षकाने त्या शांतपणे, इतरांच्या नकळत द्याव्यात. दात्याचे आभार पत्राने मानता येतात.

लोकांचे दान हे शासनाच्या कर्तव्यास पूरक आहे, पर्याय नव्हे. म्हणून वर्गखोली व शिक्षक यांविषयीची आपली मागणी जिल्हा परिषदेकडे चालूच ठेवावी.

पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने एक कागद आणावा. त्यावर तीनच गोष्टी असाव्यात : शाळेची निकडीची गरज, तिचा वार्षिक खर्च आणि हिशेब ठेवणाऱ्या व्यक्तीचे नाव. तो कागद घेऊन आपण गावापुढे जाऊ.