शाळा ही कुणाची मेहेरबानी नव्हे
(अंथुर्णे येथील सभेत एका गिरणी कामगाराने केलेले भाषण)



मी गिरणीतला कामगार. युनियनचं काम करतो. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. तेव्हा शिक्षणावर यानं काय बोलावं, असं कुणी म्हणेल. पण उपाशी माणसानं भाकरीवर बोलायचं नाही, तर मग बोलायचं कुणी? मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. खेड्यातली शाळा सरकारनं आपल्याला दान म्हणून दिलेली नाही. ती शेतकऱ्याच्या पैशावर उभी राहिली आणि गरिबाला ती भांडून घ्यावी लागली.

हिशोब आपल्याच तालुक्यापासून मांडू. इंग्रजांचं राज्य आल्यावर प्रिंगल साहेबानं इकडं जो सारा बसवला, तो इतका जबर होता की कुणबी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी नव्यानं मोजणी केली. साऱ्या मुंबई इलाख्यात पुढं जी मोजणीची पद्धत चालली, तिची सुरुवात या आपल्या इंदापूर तालुक्यात झाली. तीस वर्षांनी, १८६७ साली, पुन्हा आकारणी झाली आणि सारा वाढला. त्याच सुमारास साऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड म्हणून जादा घेऊ लागले. त्या आण्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. म्हंजे आण्याच्या बारा पैंपैकी चार पै. दुष्काळ असो, सुकाळ असो, कुणब्याकडून हे पैसे वसूल झाले. आता सांगा, शाळा कुणाच्या पैशाची?

पण शाळेत बसलं कोण? पैसा कुणब्याचा, बाक दुसऱ्याचा! हे तोंडावर विचारलं ते महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणारा हा माणूस. सावित्रीबाईंनी तिथं शिकवलं, लोकांचे शेणगोळे सोसले. पुढं १८८२ साली सरकारनं हंटर साहेबाचं शिक्षण कमिशन नेमलं. फुल्यांनी त्याच्यापुढं लेखी निवेदन दिलं. मागणी काय? बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. लोकल फंडातला निदान निम्मा पैसा प्राथमिक शाळांना द्या. मास्तर शेतकरी समाजातले तयार करा आणि त्यांना बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका. सरकारचा सारा ओढा वरच्या शिक्षणाकडं आहे आणि रयत अडाणी राहते आहे, हे त्यांनी स्पष्ट लिहून दिलं.

आता त्याच वेळचा गिरणीचा कायदा बघा. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात सात वर्षांच्या पोराला कामावर ठेवायला परवानगी! सात ते बारा वर्षांच्या पोरानं दिवसाला नऊ तास राबायचं. फुले म्हणत होते बारा वर्षांपर्यंत पोर शाळेत बसवा, आणि कायदा म्हणत होता सातव्या वर्षी ते साच्यावर उभं करा. दोन्हीत एकाच वयाचं पोर. नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचेच सत्यशोधक सोबती. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. १८९० साली कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या झगड्यामुळं. शाळेची लढाई आणि गिरणीची लढाई वेगळी नाही, हे आमच्या जुन्या माणसांना तेव्हाच कळलं होतं.

पुढं १९११ साली नामदार गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचं बिल आणलं. फार मोठी मागणी नव्हती. सहा ते दहा वर्षांची पोरं शाळेत बसवा, तीही हळूहळू. १९१२ साली मतं पडली. बाजूनं १३, विरोधात ३८. बिल पडलं. पैसा नाही, वेळ आली नाही, ही नेहमीची कारणं. पण सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली साऱ्या बडोदा संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं होतं. पाच वर्षांनी, १९१७ साली, शाहू महाराजांनी कोल्हापुरात हुकूम काढला की पोर शाळेत पाठवलं नाही तर बापाला महिना एक रुपया दंड. संस्थानाच्या तिजोरीला जमलं आणि साऱ्या हिंदुस्थानच्या तिजोरीला जमलं नाही, असं कसं? जमत होतं, मंडळी. करायचं नव्हतं.

१९२७ साली बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कौन्सिलात उभे राहिले. त्यांनी आकडे मांडले. शाळेत घातलेल्या शंभर पोरांतली फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा अडाणी होतात. आणि ते म्हणाले, दारूच्या उत्पन्नातून लोकांकडून जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला. आजही कुणाही मंत्र्यापुढं ठेवावा असा हा सवाल आहे.

सरकार हलत नव्हतं तेव्हा लोकांनी काय केलं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची. पोरं राबायची आणि शिकायची. लक्ष्मीबाई वहिनींनी पोरांच्या धान्यासाठी अंगावरचं सोनं मोडलं. गावोगाव पायलीपायलीनं धान्य गोळा झालं. या संस्थेत शेतकऱ्याची, मजुराची पोरं शिकली.

स्वातंत्र्य आलं. घटनेच्या ४५व्या कलमानं वचन दिलं की दहा वर्षांत, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना मोफत सक्तीचं शिक्षण देऊ. १९६० साली ती मुदत सरली. त्याच साली १ मेला १०६ हुतात्म्यांच्या रक्तावर आपलं मराठी राज्य आलं. कचेरीचा कागद आणि शाळेचं पुस्तक आपल्या भाषेत असावं, यासाठी गिरणी कामगारानं गोळी झेलली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडं गेल्या. वाडीवस्तीवर मास्तर पोचला. हे झालं, ते खरं आहे. पण घटनेनं दहा वर्षांत देऊ म्हटलेला हक्क कायद्यात यायला १ एप्रिल २०१० उजाडला. साठ वर्षं!

आणि तो कायदा येऊन पुरती पंधरा वर्षंही झाली नाहीत, तोच २०२३ साली शिक्षण खात्यानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची यादी काढली आणि समूह शाळेचे प्रस्ताव मागवले. यादीत १४ हजारांवर शाळा आणि दीड लाखावर पोरं. लांबच्या मोठ्या शाळेत गाडीनं नेऊ म्हणतात. पानशेतचा दाखला देतात. मी म्हणतो, मोठी शाळा चांगली असेल, पण सहा वर्षांची पोरगी गाडी चुकली तर काय करील? घरीच बसेल. आणि घरी बसलेली पोरगी कुठल्या यादीत येत नाही. पट का घटला, हे आधी विचारा. मास्तर एक, वर्ग चार, वरून सरकारी कामं. पट आपोआप घटत नाही, घटवला जातो.

दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यांपुढची. दिवाळीच्या आगेमागे बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात टोळ्या उतरतात. मुकादमाची उचल फेडायला नवराबायको कोयता धरतात, आणि पोरगं कोपीवर धाकट्याला सांभाळत बसतं. साखर आपल्या कारखान्यात होते, तेव्हा ते पोरगंही आपलंच समजा. कायदा सांगतो, जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला त्याला परत पाठवता येत नाही.

तेव्हा करायचं काय? भाषण ऐकून घरी जाऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन हिस्से पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. तिथं नुसत्या सह्या करू नका, खर्चाचं दप्तर मागा. ग्रामसभेत ठराव करा की वस्तीवरची शाळा बंद होणार नाही आणि रिकामी जागा भरल्याशिवाय आम्ही गप्प बसणार नाही. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम पाठ करून ठेवा. कोपीवर जाऊन पोरं मोजा आणि हाताला धरून शाळेत आणून बसवा.

आपल्या पणजोबांनी चार पै भरल्या आणि त्यांना अक्षर मिळालं नाही. आपल्याला मिळालं ते थोडं. पोरांचं कुणाला कमी करू देऊ नका!

जय महाराष्ट्र!