इंग्रजीची भीती : प्युर्टो रिकोचा धडा
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी निकाल लागला की कोणी ना कोणी पालक मला भेटतात आणि म्हणतात, "सर, मुलगी हुशार आहे; पण उर्दू माध्यमातून शिकली. कॉलेजात इंग्रजी झेपायचे नाही. घरीच बसवलेली बरी." या प्रश्नाचे उत्तर मी आज एका दूरच्या उदाहरणाने देणार आहे.

कॅरिबियन समुद्रात प्युर्टो रिको नावाचे बेट आहे. लोकांची भाषा स्पॅनिश. १८९८ साली हे बेट स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे शाळांत इंग्रजी माध्यम आणण्याचे प्रयत्न झाले. धोरणे पुन्हा पुन्हा बदलली. अखेर १९४९ पासून शाळांचे माध्यम स्पॅनिश झाले आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय राहिला.

म्हणजे तेथील सरकारी शाळांतला विद्यार्थी आपल्या भाषेतून शिकून विद्यापीठात येतो. प्युर्टो रिको विद्यापीठ १९०३ मध्ये स्थापन झाले. त्याच्या मायाग्वेस येथील शाखेत विज्ञान व इंजिनिअरिंगची पुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात, पण प्राध्यापक समजावून सांगतात ते बहुधा स्पॅनिशमध्ये. पदवीसाठी इंग्रजीचे पेपर घ्यावेच लागतात. मात्र सर्वांना एकाच वर्गात कोंबत नाहीत. प्रवेश परीक्षेतल्या इंग्रजीच्या गुणांवरून प्राथमिक, मध्यम आणि प्रगत अशा पातळ्या ठरतात. फारच कच्च्या मुलांसाठी त्याआधी पूर्वतयारीचा वर्ग असतो. कच्चा आहे म्हणून दार बंद होत नाही, पायरी बदलते.

आता त्या मुलांच्या चुका पाहा. स्पॅनिश शब्दाच्या सुरुवातीला 'स' आणि दुसरे व्यंजन असे जोडून येत नाही. शाळेला ते 'एस्कुएला' म्हणतात. म्हणून इंग्रजी बोलताना तोंडातून 'एस्कूल' निघते. हसू नका, आपल्याकडेही 'इस्कूल' म्हणणारे आहेत! स्पॅनिशमध्ये वय सांगताना 'माझ्याजवळ वीस वर्षे आहेत' अशा धाटणीने बोलतात. म्हणून मुलगा इंग्रजीत 'आय हॅव ट्वेंटी इयर्स' म्हणतो. 'एक्सितो' हा स्पॅनिश शब्द 'एक्झिट'सारखा दिसतो, पण त्याचा अर्थ यश! स्पॅनिशमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त ठिकाणी 'द'सारखे उपपद लागते, म्हणून ते नको तिथे 'द' घालतात. उर्दू-मराठीत 'द' नाहीच, म्हणून आपण हवा तिथेही गाळतो.

या चुका मूर्खपणाच्या नाहीत. आपल्या भाषेच्या नियमाने इंग्रजी बोलल्यामुळे त्या होतात. चूक कुठून आली हे कळले की ती सुधारता येते.

मातृभाषा नुसती आडवी येते असेही नाही. ती हात देते. कापसाला स्पॅनिशमध्ये 'अल्गोदोन' म्हणतात आणि इंग्रजीत 'कॉटन'. दोन्ही शब्द अरबी 'कुत्न'वरून आले. असे शेकडो शब्द त्या मुलांना ओळखीचे भेटतात. आपल्या मुलांचेही तसेच आहे. ज्याला उर्दूत किंवा मराठीत निबंध मुद्देसूद लिहिता येतो, त्याला इंग्रजीत फक्त शब्द आणि रचना शिकायची असते. विचार करायला तो आधीच शिकलेला असतो.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या चुकांची एक वही ठेवा आणि प्रत्येक चुकीपुढे ती आपल्या भाषेतल्या कोणत्या सवयीमुळे झाली ते लिहा. धडा आधी आपल्या भाषेत समजून घ्या, मग तोच इंग्रजीत वाचा. खालच्या वर्गात बसण्याची लाज बाळगू नका. न समजता वरच्या वर्गात बसण्यात अधिक नुकसान आहे.

आणि पालकहो, इंग्रजी कच्चे असणे हे शिक्षण थांबवण्याचे कारण नव्हे, शिकवणी वाढवण्याचे कारण आहे. कॉलेजांनीही अशा मुलांसाठी पहिल्या वर्षी वेगळा वर्ग काढला पाहिजे. तशी मागणी आपण सर्वांनी मिळून करू या. पण तोवर मुलीला घरी बसवू नका. यंदाचा प्रवेश अर्ज तिला भरू द्या. इंग्रजी दोन वर्षांत सुधारेल. सुटलेले कॉलेज सहसा परत मिळत नाही.